झेरॉक्स कुणाकडे राहते?

महाराष्ट्रात आष्ट्या अनेक. बीड जिल्ह्यातली तालुक्याची, वर्धा जिल्ह्यातली १९४२च्या हुतात्म्यांची, बापू गोखले जिथं धारातीर्थी पडले ती सोलापूरकडची. आपण बोलतोय ती जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. अर्ज भरताना संगणक आधी जिल्हा विचारतो, मग तालुका, आणि मग कुठं गाव. गावात मात्र ओळख उलटी चालायची. कुणाचा कोण, कुठल्या गल्लीतला, एवढ्यावर ग्रामसेवक दाखला लिहून द्यायचा. त्या काळाचे गोडवे गाण्याचं कारण नाही. ज्याची तलाठ्याकडं ओळख नाही, त्याच्या चपला झिजायच्याच.

या चपला झिजू नयेत म्हणून ग्रामपंचायतीत संगणक आला. २०११ मध्ये राज्यानं ‘संग्राम’ सुरू केलं, म्हणजे संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र. नमुना आठची नोंद, जन्माचा दाखला, रहिवासी हे सगळं छापील मिळू लागलं. २०१५ च्या अखेरीस ते गुंडाळलं गेलं आणि पुढच्या वर्षी ‘आपले सरकार सेवा केंद्र’ आलं. पाटी बदलली, बहुतेक ठिकाणी खुर्चीवर बसणारा संगणक परिचालक तोच राहिला. ग्रामपंचायतीनं केंद्रापोटी महिन्याला बारा हजारांवर रक्कम भरायची आणि परिचालकाच्या हाती कित्येक वर्षं सात हजारांच्या आसपासच पडायचे, तेही महिनोन् महिने थकून. मुंबई-नागपूरला त्यांचे मोर्चे का निघत होते, ते यावरून कळावं. गावाची सगळी कागदपत्रं ज्याच्या हाती, तो गावातल्या सर्वांत कमी पगाराच्या माणसांपैकी एक, हे या व्यवस्थेचं मूळ दुखणं.

या साऱ्याआधीच २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत देशातलं पहिलं आधार वाटलं गेलं होतं. तिथून निघालेले बारा आकडे आष्टीसारख्या गावांत पोचायला फार वेळ लागला नाही. मग एकेक काम केंद्राच्या दारात येत गेलं. पीकविमा, किसान सन्मान, पॅनकार्ड, आधारवर पैसे काढणं. २०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा आला, तेव्हा शेतकऱ्यानं रुपया द्यायचा आणि केंद्राला विमा कंपनीकडून अर्जामागं ४० रुपये मिळायचे. मग राज्यात बोगस अर्जांचं पीक आलं. दुसऱ्याच्या जमिनीवर, सरकारी जमिनीवर विमे उतरले. २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेची रांग लागली. आधार, रेशनकार्ड, पासबुक, फोटो. ‘झेरॉक्स ठेवून जा, ओटीपी आला की सांगा.’

ती झेरॉक्स पुढं कुठं जाते, हे कुणी विचारलं नाही. काही कागद गठ्ठ्यात राहतात, काही व्हॉट्सअॅपवरून परिचालकाच्या मोबाइलमध्ये, काही संगणकाच्या पडद्यावर गावाच्या नावाच्या फोल्डरमध्ये. त्याच वर्षी नांदेड जिल्ह्यात, हदगाव तालुक्यात, पुरुषांची आधारकार्डं आणि बँक खाती लाडक्या बहिणीच्या अर्जांना जोडल्याचं उघड झालं आणि बोट सेवा केंद्राकडं गेलं. खातेदारांना आपण ‘बहीण’ झाल्याचा पत्ता नव्हता. लोक हसले. पण ज्यानं विश्वासानं अंगठा दिला, त्याला तालुक्याला जाऊन ‘मी चोर नाही’ असं सांगावं लागणं हसण्यासारखं नाही.

अंगठ्याचंही तसंच. कापूस वेचून, ऊस तोडून बोटांच्या रेषा गेलेल्या बाईचा अंगठा उठत नाही. ती पदराला बोट पुसते, पुन्हा लावते, मागची रांग कुरकुरते. खात्यात किती उरले, हे परिचालक रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतो. यात कुठला डेटा चोरीला गेला नाही, पण त्या बाईचं काहीतरी गेलंच.

खासगीपण ही पोट भरलेल्यांची चैन आहे, गरिबाला धान्य हवं, असा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयासमोर झाला होता. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमतानं तो नाकारला आणि खासगीपण माणसाच्या प्रतिष्ठेशी जोडून मूलभूत हक्क ठरवलं. मुंबई दंगलीच्या चौकशीमुळं आपल्याला ठाऊक असलेले न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीनं २०१८ मध्ये कायद्याचा मसुदा दिला. २०१९ चं विधेयक २०२२ मध्ये मागं घेतलं गेलं, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला.

कायदा कागदावर बरा आहे. माहिती कशासाठी घेतली हे सांगायचं, आणि ते मराठीत मागता येतं, कारण आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांची सोय आहे. काम संपलं की पुसायचं. सुरक्षेत हयगय केली तर दंड २५० कोटींपर्यंत. मात्र अनुदान, दाखले, सरकारी लाभ यांसाठी सरकारला तुमची वेगळी संमती लागतेच असं नाही, आणि आष्टीच्या केंद्रातली बहुतेक रांग त्याचसाठी असते. खोटी तक्रार केली म्हणून नागरिकालाच दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, हेही त्यातच आहे.

नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. त्याबरोबर लगेच लागू झाली ती माहिती अधिकार कायद्यातल्या कलम ८(१)(जे) ची दुरुस्ती. वैयक्तिक माहिती नाकारणं आता सोपं झालं. अण्णा हजारेंच्या उपोषणांनी ज्या राज्यात हा अधिकार केंद्र सरकारच्या कायद्याआधी आला, तिथं याची नोंद व्हायला हवी. विहिरीचे, घरकुलांचे लाभार्थी कोण हे विचारणाऱ्याला ‘ही खासगी बाब’ म्हणून परत पाठवता येईल, आणि बोगस नाव घुसवणाऱ्याला तेच हवं असतं. आपली कुठली माहिती ठेवली आहे हे विचारण्याचा, ती पुसून टाकायला लावण्याचा नागरिकाचा हक्क मात्र १८ महिने थांबला आहे, म्हणजे मे २०२७ पर्यंत. तो लागू होईल त्याच वेळी माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ४३-ए हे भरपाईचं कलम जाईल. नव्या कायद्यात दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जमा होते. ज्याची आधारकार्डाची झेरॉक्स वापरली गेली, त्याला त्यातून काही मिळत नाही.