खडी फोडणाऱ्या हातांची गोष्ट

‘खडी फोडायला पाठवीन’ ही धमकी आपल्या बोलीत आहे. खडी फोडणे म्हणजे सक्तमजुरी, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. पण याच खडीवर आपल्या सडका, पूल आणि शाळेच्या इमारती उभ्या आहेत. तिची हकीकत म्हणूनच ऐकण्यासारखी आहे.

जॉन लाउडन मॅकॅडम हा स्कॉटलंडचा गृहस्थ 1816 साली ब्रिस्टल भागातील रस्त्यांचा अधिकारी झाला. त्याचे म्हणणे साधे होते. सहा औंसांहून, म्हणजे सुमारे 170 ग्रॅमहून, जड दगड रस्त्यावर टाकू नका. लहान, कंगोरेदार दगड गाडीच्या चाकाखाली एकमेकांत घट्ट बसतात. गोल गोटे मात्र निसटतात. रस्ते सुधारले खरे. पण एवढे दगड फोडायचे कोणी? रस्त्याच्या कडेला बसून म्हातारी माणसे, बायका आणि पोरे हातोडीने ते फोडू लागली.

या कष्टावर उतारा शोधला अमेरिकेतील न्यू हेवन गावच्या एली व्हिटनी ब्लेकने. कापसातली सरकी काढण्याचे यंत्र करणारा एली व्हिटनी हा त्याचा मामा. गावाजवळच्या रस्त्यावर खडी टाकण्याचे काम ब्लेकच्या देखरेखीखाली आले, आणि हाताने खडी फोडण्यात किती वेळ जातो हे त्याच्या ध्यानात आले. बरीच वर्षे विचार करून त्याने यंत्र सिद्ध केले. 15 जून 1858 रोजी त्याला पेटंट मिळाले.

हे यंत्र समजायला अवघड नाही. आपला अडकित्ता आठवा. यंत्रात लोखंडाचे दोन जबडे असतात, एक स्थिर आणि एक हलता. वर फट रुंद, खाली अरुंद. हलता जबडा पुढे आला की दगड फुटतो. मागे गेला की तुकडा थोडा खाली घसरतो आणि पुन्हा चेपला जातो. खालची फट जेवढी ठेवाल तेवढी खडी. आजची खडी केंद्रे याच युक्तीवर चालतात.

मग यंत्र आले आणि हातोडी गेली, असे झाले का? नाही. महाराष्ट्रात 1972-73 साली मोठा दुष्काळ पडला. मे 1973 च्या सुमारास दुष्काळी कामांवर जवळजवळ 50 लाख माणसे होती. कितीतरी ठिकाणी काम एकच : खडी फोडणे. उन्हात आयाबाया ढिगाशी बसत, आणि ढीग मोजून मजुरी मिळे. यंत्राने ती खडी झटपट झाली असती; पण मग चूल कशावर पेटली असती? ज्या कामातून माणसाची सुटका करायला ब्लेकचे यंत्र जन्मले, तेच काम दुष्काळात पोटाचा आधार झाले. या अनुभवातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा 1977 साली झाला.

आता प्रश्न वाळूचा आहे. नदीतील वाळू पाणी धरून ठेवते. ती बेसुमार उपसली की पात्र खोल जाते आणि काठच्या विहिरी आटतात. 27 फेब्रुवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने लहान उत्खननालाही पर्यावरणाची परवानगी बंधनकारक केली. दगडापासून वाळू करण्याकडे बांधकामे वळली, त्यामागे हेही एक कारण आहे. या यंत्रात वेगाने फिरणारे चाक दगड भिरकावते, दगडावर दगड आदळतो आणि बारीक कण तयार होतात. ते चाळून जास्तीची भुकटी काढावी लागते. नाहीतर काँक्रीटला पाणी अधिक लागते आणि त्याची ताकद घटते. भारतीय मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत अशा वाळूला स्थान आहे.

नदी वाचते, हे खरे. पण डोंगर पोखरला जातो आणि धूळ उडते. दगडाच्या बारीक धुळीत गारेचा अंश असला, तर ती वर्षानुवर्षे छातीत जाऊन फुप्फुसे कायमची निकामी करते. पाण्याचे फवारे आणि झाकलेले पट्टे हे उपाय ठाऊक आहेत; ते नेमाने चालू राहतात की नाही, एवढेच पाहायचे असते.

शिक्षकबंधूंना एक सुचवतो. मुलांना सडकेकडेच्या ढिगातली मूठभर खडी आणून दाखवा. कंगोरे पाहू द्या, वजन करू द्या. आणि विचारा : ही कोणी फोडली असेल, आणि त्या धुळीत कोण उभे राहिले असेल?