जुना संगणक, नवी प्रणाली आणि अब्बांची फाईल

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती थांबवली. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकाला आणखी एक वर्षाची मुदत आहे, म्हणजे ऑक्टोबर २०२६ पर्यंत. आमच्या आजऱ्यातल्या घरचा संगणक या तारखेच्या आधीपासूनच बजावत होता की, विंडोज ११ साठी तो पात्र नाही. दुरुस्तीवाल्याला दाखवला. तो म्हणाला, "सर, आता हे भंगारात घाला. नवीन घ्या."

संगणक २०१२ चा. इंटेलचा तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम. आला तेव्हा त्यावर विंडोज ७ होती. विंडोज १० मोफत मिळत होती तेव्हा ती घेतली. आजऱ्याचा पाऊस, दिवसातून चारदा जाणारी वीज, मुलांचे खेळ, माझ्या शाळेच्या प्रश्नपत्रिका हे सगळे त्याने सोसले. तो बंद पडलेला नव्हता. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि साधारण आठव्या पिढीच्या पुढचा प्रोसेसर लागतो, ते त्याच्याकडे नव्हते एवढेच. कॅनॅलिस या संस्थेने २०२३ मध्ये अंदाज केला होता की, या एका निर्णयामुळे जगभरातले सुमारे २४ कोटी संगणक कचऱ्यात जाऊ शकतात. त्या २४ कोटींत आमचाही एक.

पण माझी अडचण पैशाची नव्हती, किंवा फक्त पैशाची नव्हती. त्या संगणकात अब्बांची फाईल होती.

अब्बाही शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी गावाच्या आठवणी उर्दूत लिहिल्या: कोणत्या घरात कोण विणकाम करी, उरुसाला मराठा घरांतून काय येई, घनसाळ तांदळाचा वास कुठल्या शिवारापासून सुरू होई. वहीतला मजकूर मी संध्याकाळी इनपेजमध्ये टाईप करत असे आणि ते शेजारी खुर्चीवर बसून चुका सांगत. त्याचाच मराठी अनुवाद मी एका जुन्या मराठी फॉन्टमध्ये केला होता. अब्बा गेले. वही एका पावसाळ्यात भिजली. उरली फाईल.

इथे थोडा इतिहास सांगावा लागेल, कारण त्याशिवाय ही अडचण नीट कळणार नाही.

उर्दू छापणे हे मुळातच अवघड काम. नस्तालीक अक्षर सरळ ओळीत बसत नाही, ते उजवीकडून डावीकडे उतरत जाते आणि शेजारी कोण आहे ते पाहून आपला आकार बदलते. म्हणून शिशाच्या खिळ्यांच्या जमान्यातही उर्दू वर्तमानपत्रे कातिब हाताने लिहीत आणि त्यावरून शिळाछाप निघे. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाईप कंपनीबरोबर नूरी नस्तालीक आणले. त्यात अक्षरांचे वीस हजारांच्या आसपास तयार जोड होते. पुढे १९९४ मध्ये भारतातच तयार झालेले इनपेज आले आणि साध्या संगणकावर नस्तालीक लिहिता येऊ लागले. उर्दूवाल्यांसाठी ही क्रांतीच होती. आमच्या पिढीने लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, मासिके सगळे इनपेजमध्ये केले.

मराठीची गोष्ट याहून फार वेगळी नाही. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट तंत्रज्ञान, श्रीलिपी, आकृती अशा सोयी आल्या आणि मराठी पडद्यावर दिसू लागली. १९८६ मध्ये इनस्क्रिप्ट कळफलक ठरला. मात्र जुन्या बऱ्याच फॉन्टांत एक मेख होती. पडद्यावर 'क' दिसे, पण संगणकाच्या पोटात त्या जागी इंग्रजीचे एखादे अक्षर असे. फॉन्ट आहे तोवर मराठी, फॉन्ट गेला की अगम्य इंग्रजी.

युनिकोडने हे बदलले. १९९१ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला, मग फॉन्ट कोणताही असो. पण नियम कागदावर येणे आणि घरापर्यंत पोचणे यांत वर्षे गेली. विंडोज एक्सपीत देवनागरी किंवा उर्दूची सोय मुद्दाम चालू करावी लागे, आणि तेव्हा ती मूळ सीडी मागे. मराठीतला 'ॲ' युनिकोडमध्ये २००८ ला आला. विंडोजमध्ये नस्तालीक फॉन्ट विंडोज ८ बरोबर २०१२ मध्ये आला. तोवर उर्दू दिसे ती नस्ख वळणात, अरबीसारखी. २००१ मध्ये सुरू झालेला एमएस-सीआयटी माझ्यासारख्या हजारो शिक्षकांनी केला, पण आपण टाईप करतो ते अक्षर आत कुठल्या रूपात साठते, हे मला तेव्हा कळले नव्हते.

म्हणजे माझ्याकडे दोन फाईली होत्या, एक उर्दू, एक मराठी. आणि दोन्ही त्या जुन्या संगणकाच्या जुन्या व्यवस्थेतच वाचता येत होत्या. डिस्क पुसून नवी प्रणाली टाकली असती तर फाईली राहिल्या असत्या, वाचणारा गेला असता.

हे आपल्याकडे पूर्वी घडले आहे. आदिलशाहीत दरबारची भाषा फारसी असली तरी गावपातळीवरच्या कागदांत फारसीबरोबर मोडीतला मराठी मजकूरही असे. कारण ज्याच्यासाठी हुकूम, त्याला तो वाचता यायला हवा. पुढे शतकानुशतके मोडीत व्यवहार चालला. १९५० च्या दशकात मोडी शाळांतून गेली, आणि दोन पिढ्यांत घराघरांतले दस्त मुके झाले. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात मोडीचे रुमाल आहेत, कागद शाबूत आहेत. वाचणारे मात्र शोधावे लागतात. आमच्या घरीही एक मोडी दस्त आहे. तो जमिनीचा असावा, यापलीकडे कोणाला काही सांगता येत नाही. अब्बांच्या फाईलचे तसे होऊ द्यायचे नव्हते.

म्हणून आधी फाईली, मग प्रणाली. मिरजेला एक मित्र उर्दू पत्रिका छापतो. त्याच्याकडे इनपेजची पुढची, युनिकोड समजणारी आवृत्ती आहे. त्याने मजकूर युनिकोडमध्ये काढून दिला. कुठे दोन शब्द चिकटले होते, कुठे हमजा भलतीकडे गेला होता. मराठी मजकूर रूपांतरकातून काढला, तर जोडाक्षरे तुटलेली आणि 'र्‍या'चा रफार हरवलेला. रमजानच्या रात्री तरावीहनंतर बसून मी बासष्ट पाने तपासली. वही भिजल्यामुळे ताडून पाहायला काही नव्हते. तीन ठिकाणी अब्बांचा नेमका शब्द काय होता ते कळले नाही. तिथे मी जागा कोरी सोडली आहे. फाईल वेळेवर न बदलण्याची चूक माझी होती, तिच्यावर माझ्या शब्दाचे ठिगळ नको वाटले.

मग लिनक्स. हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ च्या ऑगस्टमध्ये आपण छंद म्हणून एक प्रणाली करतोय असे जाहीर केले होते. तिचा गाभा आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेला ग्नू प्रकल्प यांतून आज आपण वापरतो ती मुक्त प्रणाली उभी राहिली. तिच्यात आपल्या लिपी आणायचे काम आपल्याच भागात झाले. इंडलिनक्सचे स्वयंसेवक होते, आणि पुण्यात मोठे कार्यालय असलेल्या रेड हॅटने २००४ मध्ये भारतीय लिपींचे लोहित फॉन्ट सर्वांसाठी खुले केले. केरळच्या सरकारी शाळांत तर मुले वर्षानुवर्षे लिनक्सवरच शिकतात.

मी लिनक्स मिंटची हलकी, एक्सएफसीई आवृत्ती घेतली. तिला किमान दोन जीबी रॅम पुरते. पेन ड्राइव्हवर चढवली आणि आधी न बसवता नुसती चालवून पाहिली. ही सोय मला फार आवडली, कपडा अंगाला लावून बघावा तशी. वायफाय, आवाज, प्रिंटर चालतात हे पाहिले आणि मगच डिस्क पुसली. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, कारण खरा संथपणा तिथेच होता. कळफलक तीन ठेवले: इंग्रजी, मराठी इनस्क्रिप्ट, उर्दू फोनेटिक. नोटो नस्तालीक उर्दू हा फॉन्ट टाकला. लिबरऑफिसमध्ये एकाच पानावर उजवीकडून उर्दू आणि डावीकडून मराठी लिहिली, आणि दोन्ही आपापल्या जागी बसल्या.

सगळेच सुरळीत आहे असे नाही. इनपेज यावर थेट चालत नाही. स्कॅनरने दोन दिवस दाद दिली नाही. जुन्या फॉन्टमध्ये भरायचा कार्यालयीन तक्ता आला की मला अजून दुसऱ्याच्या दारात जावे लागते. शाळेची ऑनलाइन माहिती भरायचे काम ब्राउझरमध्ये होते, त्यामुळे तिथे अडत नाही.

तुमच्या घरीही असा संगणक असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्यात काय आहे ते उघडून बघा. मशिदीच्या ट्रस्टचे ठराव, आजोबांचे पत्र, कुणाची न छापलेली गझल, जुन्या फॉन्टमधला बचत गटाचा हिशेब. ते आधी युनिकोडमध्ये काढा, दोन ठिकाणी ठेवा, एक प्रत कागदावर काढा. मग प्रणाली कुठलीही टाका.

परवा माझ्या मुलीने त्याच संगणकावर अब्बांची फाईल उघडली. ती मराठी माध्यमात शिकते, उर्दू अडखळत वाचते. पहिल्या पानावर ती बराच वेळ थांबली. मग विचारले, "अब्बा, दादा इथे 'शिवार' असंच लिहितात? उर्दूत?" हो, असेच लिहीत. मराठी शब्द, उर्दू अक्षरांत. तिने दुसरे पान उघडले.