गूर्मां सुगंध

गूर्मां सुगंध : व्हॅनिला, कॅरमेल, चॉकलेट अशा गोड खाद्यपदार्थांच्या वासावर बेतलेला परफ्यूमचा प्रकार (पहा : अत्तर).

टीमान व हारमान यांनी १८७४ मध्ये कृत्रिम व्हॅनिलिन तयार केले (पहा : व्हॅनिला). गेर्लँच्या ‘शालिमार’ या परफ्यूममध्ये (१९२५) एथिल व्हॅनिलिन आले. स्वतंत्र वर्ग मात्र रूढ झाला तो थिएरी म्यूग्लरच्या ‘एंजल’मुळे (१९९२). त्यातील एथिल माल्टॉलचा वास थेट जत्रेतल्या म्हातारीच्या केसांचा. त्याला पाच या वनस्पतीच्या तेलाची मातकट, कडसर जोड आहे (पहा : पाच).

व्हॅनिलिन सावकाश उडते. म्हणून मनगटावरची लिंबूवर्गीय झुळूक लवकर विरली, तरी गोडवा मागे राहतो आणि ओढणीला तर दुसऱ्या दिवशीही येतो. उष्णतेने बाष्पीभवन वाढते. पुण्यातील विश्रांतवाडीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीजवळ जातो. तेव्हा पीएमपीच्या भरल्या बसमध्ये दोन फवारेही शेजाऱ्याला पुरतात. थंडीत तोच सुगंध अंगालगत राहतो.

मराठी घरांत अंगाला मोगरा, वाळा, हिना. वेलदोडा-जायफळाची जागा श्रीखंड-पुरणात. गूर्मांने ही वाटणी मोडली.