गोठलेली नळी

हिंवाळ्यांत पहाटे विहिरीवर स्नान करणाऱ्या माणसाला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाहीं. अंगणांतल्या घंगाळांत रात्रभर राहिलेलें पाणी अंगावर घेववत नाहीं; पण त्याच वेळीं पोहऱ्यानें वर काढलेलें पाणी कोमट लागतें, व त्यांतून वाफही निघतांना दिसते. विहिरीचें पाणी कोणी तापविलेलें नसतें. जमिनीच्या पोटांत ऋतूंची ये-जा फारशी पोंचत नाहीं, म्हणून तें वर्षभर जवळजवळ सारखेंच राहतें आणि बाहेरची हवा गार झाली कीं आपणांस तें ऊन वाटूं लागतें. आपल्याकडे या ज्ञानाचा उपयोग स्नानापुरताच. महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या कांठीं एखाद्या पहाटे दंव गोठलें, तर आपण तें मुलांना कौतुकानें दाखवितों आणि वर्तमानपत्रांत त्याची बातमी येते. परंतु ज्या देशांत वर्षांतून चार-पांच महिने पाणी दगडाच्याच रूपानें राहूं पाहतें, तेथें याच ज्ञानावर घर वसतें किंवा उजाड होतें.

कॅनडांतील अथवा संयुक्त संस्थानांच्या उत्तर भागांतील एखादी ओंडक्यांची झोपडी डोळ्यांसमोर आणावी. वरच्या उतारावर झरा आहे. तेथून बोटभर जाडीची नळी झोपडींत आणिली आहे. उन्हाळ्यांत यांत कसलीच अडचण नाहीं. कडक थंडीच्या पहिल्या रात्रीं मात्र मालकाला दोहोंपैकीं एक करावें लागतें: तोटीची बारीक धार चालू ठेवून निजावयाचें, नाहींतर झऱ्याकडील तोंड बंद करून नळी पार रिकामी करून निजावयाचें. जो दोन्ही विसरला, त्याला सकाळीं पाणी मिळत नाहीं. आणि बर्फ वितळूं लागलें म्हणजे भिंतीमागून, जमिनीखालून, जेथें नको तेथें मिळतें. एका रात्रीच्या विसराळूपणाला इतकी जबर शिक्षा कां, हें समजण्यास माणसाला बराच काळ लागला.

बहुतेक पदार्थ थिजतांना आकसतात. पाणी उलट फुगतें. शंभर मापें पाण्याचें सुमारें १०९ मापें बर्फ होतें. सतराव्या शतकांत फ्लॉरेन्सच्या विद्वन्मंडळानें पाणी भरलेले धातूचे गोळे गोठवून फोडले होते. पण या प्रयोगांतील सर्वांत ठसठशीत प्रयोग १७८४-८५ च्या हिंवाळ्यांत क्वेबेक येथें झाला. तेथील तोफखान्यांत एडवर्ड विल्यम्स नांवाचा मेजर होता. त्यानें पोकळ तोफगोळे पाण्यानें भरले, त्यांच्या तोंडांत लोखंडी खुंट्या ठोकून बसविल्या, आणि ते बाहेर थंडींत ठेवून दिले. कांहीं गोळ्यांच्या खुंट्या आवाज करून उडाल्या. त्यांतील एक तर ४०० फुटांहून दूर जाऊन पडली. कांहीं गोळ्यांचें लोखंडच उकललें, व त्या भेगेंतून बर्फाची पाख बाहेर आली. दारूची चिमूट नाहीं, ठिणगी नाहीं. केवळ पाणी आणि क्वेबेकची रात्र! ज्या बळापुढें तोफगोळा टिकला नाहीं, त्यापुढें स्वयंपाकघरांतील शिशाची नळी काय टिकणार?

तरीही एक गैरसमज राहिलाच. नळी फुटते ती बर्फ जेथें धरतें तेथेंच, असें आपण सहज मानतों. १९९६ सालीं इलिनॉय विद्यापीठांत प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें हें पुष्कळ अंशीं चुकीचें ठरविलें. बर्फाचा बोळा नळींत वाढूं लागला म्हणजे तो पुढच्या पाण्याला बंद तोटीकडे दाबीत जातो. त्या कोंडलेल्या पाण्याला पळावयास जागा नसते; त्याचा दाब चढत जातो, आणि अखेर बर्फापासून दूर, जेथें बर्फाचा कणही नाहीं अशा जागीं, नळी उकलते. म्हणजे झोपडींतल्या म्हाताऱ्याची रात्रभर ठिबकणारी तोटी दुहेरी काम करीत होती. चालतें पाणी जमिनीच्या पोटांतील ऊब बरोबर घेऊन येत होतें, हें एक. आणि बर्फ धरलेंच, तरी कोंडलेल्या पाण्याला ती तोटी वाट मोकळी ठेवीत होती. अनुभवानें जें त्याला ठाऊक होतें, त्याचें कारण सांगावयास पदवीधर फार उशिरां आले. असें पुष्कळदां होतें.

झोपडीचा मालक आपल्या नळीचा आपण धनी असतो. शहराची गोष्ट निराळी. १८९५ च्या फेब्रुवारींत ब्रिटनवर जी थंडी कोसळली, तींत स्कॉटलंडमधील ब्रेमार येथें पारा शून्याखालीं २७ अंशांवर उतरला, आणि लंडनजवळ टेम्स नदींतून बर्फाचे तुकडे वाहूं लागले. लंडनला पाणी पुरविण्याचें काम तेव्हां आठ खाजगी कंपन्यांकडे होतें. रस्त्यांखालील पुष्कळसे नळ नेहमींच्या सौम्य हिंवाळ्याचा हिशेब धरून उथळ पुरलेले होते. खोल चर खणण्यास मजुरी अधिक पडते, हें सांगावयास नकोच. थंडी जमिनींत उतरत उतरत त्या नळांपर्यंत पोंचली, आणि कित्येक घरें आठवडेच्या आठवडे पाण्यावांचून राहिलीं. हवा निवळली तरी जमीन लवकर सुटेना. रस्त्यांच्या कडेला उभे नळ लावण्यांत आले, व बायकामुलें बादल्या घेऊन तेथें तिष्ठत उभीं राहूं लागलीं. न मिळालेल्या पाण्याची पट्टी आम्ही कां भरावी, हा नागरिकांचा प्रश्न होता, आणि तो आम्हांस अगदीं रास्त वाटतो. पूर्व लंडनच्या गरीब वस्तींत त्यानंतरच्या उन्हाळ्यांतही पाण्याची ओरड झालीच. शेवटीं १९०२ च्या कायद्यानें या कंपन्यांचा कारभार एका सार्वजनिक मंडळाकडे सोंपविण्याचें ठरलें, व १९०४ सालीं तो त्या मंडळाच्या हातीं आला. त्या निकालास एकट्या थंडीचें श्रेय देणें योग्य होणार नाहीं. पण गोठलेल्या नळानें जें शिकविलें, तें लोक विसरले नव्हते.

जमिनींत गोठलेला नळ सोडवावयाचा कसा? रस्ता खणावा, विस्तव पेटवावा, वाफ सोडावी, हेच उपाय होते. १८९९ च्या फेब्रुवारींत अमेरिकेवर तशीच भयंकर थंडी आली असतां विस्कॉन्सिन संस्थानांतील मॅडिसन गांवीं एका तरुण प्राध्यापकाला निराळी युक्ति सुचली. याचें नांव रॉबर्ट वुड. पुढें १९०४ सालीं फ्रान्समधील ‘एन-किरणां’चें थोतांड उघडकीस आणणारा तो हाच. विद्युद्यंत्रशास्त्राचे प्राध्यापक जॅक्सन यांना बरोबर घेऊन त्यानें विजेचें एक टोंक घरांतील तोटीला व दुसरें रस्त्यावरील नळाला जोडलें. दाब थोडा, प्रवाह मात्र मोठा. धातूची नळीच तापूं लागली. सगळें बर्फ वितळावें लागत नाहीं. नळीच्या अंगाला लागलेला पातळ थर सुटला कीं मागचें पाणी उरलेलें काम करतें. कुदळीचा घाव न घालतां पाणी वाहूं लागलें, व ही रीत पुढें ठिकठिकाणीं पसरली. हल्लीं जमिनींत प्लॅस्टिकच्या नळ्या पडतात आणि त्यांतून वीज वाहत नाहीं. त्यामुळें तेथें नळीला लगटून तापणारी तार बसवावी लागते.

आतांपर्यंतच्या सर्व हकीकतींत एक गोष्ट आम्ही गृहीत धरली: पुरेसें खोल गेलें म्हणजे जमीन ऊबदार सांपडते. आपल्या विहिरीचाच तो न्याय. परंतु ध्रुवाकडील प्रदेशांत हा न्यायच उलटा होतो. तेथें उन्हाळ्यांत वरचा हात-दोन हात थर सुटतो. त्याखालची जमीन बारमाही गोठलेली, कित्येक ठिकाणीं शेंकडों फूट खोलपर्यंत. तींत नळी पुरली तर थंडी नळीला गोठविते, आणि नळी ऊन ठेवली तर तीच भोवतालच्या बर्फमिश्रित जमिनीला वितळविते, व घरासकट सगळें खचूं लागतें.

कॅनडा सरकारनें मॅकेंझी नदीच्या मुखाशीं इनुविक हें गांव वसविलें, तें या अडचणीला उत्तर म्हणूनच. जवळचें अक्लाविक गांव पुरानें व नदीच्या कांपण्यानें धोक्यांत आलें, म्हणून तें उठवून नव्या जागीं न्यावें असें ठरलें. १९५५ पासून बांधणी चालू झाली, आणि १९६१ सालीं प्रधानमंत्री डीफेनबेकर यांच्या हस्तें गांवाचें उद्घाटन झालें. घरें खांबांवर उभीं केलीं, म्हणजे त्यांची ऊब जमिनीला लागूं नये. नळही जमिनीवरच, खांबांवर. एका लांबलचक वेष्टित पेटींत पिण्याचें पाणी, सांडपाणी व मध्यवर्ती भट्टींतून येणारें कढत पाणी असे तिघे शेजारी शेजारी नेलेले. कढत पाण्याच्या ऊबेवर बाकीचे दोघे जगत. युक्ति खरोखर नामी होती.

पण ती पेटी सगळ्या गांवांतून गेली नाहीं. गांवाच्या पूर्वेकडील भागांत, सरकारी इमारती व बाहेरून आलेल्या नोकरदारांचीं घरें होतीं, तेथें ती पोंचली. पश्चिमेकडे मुख्यतः तेथील मूळच्या रहिवाशांची वस्ती. तेथें पाणी गाडीनें येई, आणि मैला पिशव्यांत भरून दाराबाहेर ठेवावा लागे. ज्यांचे पूर्वज या थंडींत हजारों वर्षें राहिले, त्यांच्या भूमीवर पाणी वाहतें ठेवण्याची विद्या आली, ती त्यांच्या दारावरून न जातां अलीकडेच थांबली. खर्च परवडत नाहीं, असें कारण दिलें जाई. पेटी लांबविण्यास खर्च येतो हें खरें. परंतु कोणाच्या दारापर्यंत परवडतो आणि कोणाच्या दाराशीं परवडेनासा होतो, हें कांहीं थर्मामीटरनें ठरत नाहीं.

अक्लाविकचे लोक तर सगळे उठलेच नाहींत. गांव बुडणार असें सांगून झालें, नवें गांव बांधून झालें, तरी बरेच जण नदीकांठींच राहिले, आणि ‘हार मानूं नका’ अशा अर्थाचें ब्रीद त्यांनीं गांवाला लाविलें. तें गांव आजही आहे. तेथें पाणी गाडीनें येतें व घरांतल्या टांकींत पडतें. टांकीपासून तोटीपर्यंत जी काय चार हात नळी आहे ती घराच्या आंत, शेगडीच्या ऊबेंत असते.