खगोलदर्शनाची साधने आणि लोकभाषा

चाळीसगावजवळील पाटण येथील तेराव्या शतकाच्या प्रारंभीच्या शिलालेखात एका मठाची नोंद आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणि’ आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी तो स्थापिला. लेखाचा बहुतेक भाग संस्कृत आहे. मठास द्यावयाच्या दानाची कलमे मात्र मराठीत आहेत. खगोलाचे ज्ञान संस्कृतात आणि त्याचा खर्च चालविणाऱ्यांशी व्यवहार लोकभाषेत, ही विभागणी खानदेशाच्या इतिहासात लक्षणीय होय.

इ. स. ११५० मध्ये रचिलेल्या या ग्रंथाच्या गोलाध्यायात गोलबंधाचे, म्हणजे वलये जोडून खगोलाची प्रतिकृती बांधण्याचे, विवेचन आहे. त्या गोलाकडे विद्यार्थी बाहेरून पाही. १९२३ साली जर्मनीतील झाइस कारखान्याच्या प्रक्षेपकाने ही दृष्टी उलटविली. प्रेक्षक गोलाच्या आत बसला व तारे घुमटावर उमटले. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ साली आणि मुंबईस वरळी येथे १९७७ साली अशी तारांगणे उघडली. ‘तारांगण’ या शब्दातील ‘अंगण’ येथे अन्वर्थक ठरते. कारण अंगण म्हणजे उभे राहून वर पाहण्याची जागा. मेहरूणच्या तलावाकाठी ध्रुवतारा क्षितिजावर सुमारे २१ अंश उंच दिसतो, मुंबईस सुमारे १९ अंश. गावोगावचे आकाश घुमटावर आणता आले, तरी प्रेक्षकाचे पाय पृथ्वीवरच राहिले.

वरळी येथे २००३ साली संगणकीय प्रक्षेपण आले आणि अंगण सुटले. ताऱ्यांची मोजलेली अंतरे गणितात घेतल्याने प्रेक्षकास आकाशगंगेत प्रवास घडविता येऊ लागला. सप्तर्षींतील मधले पाच तारे सुमारे ८० प्रकाशवर्षांवर असून टोकांचे दोन त्याहून दूर आहेत. म्हणून बाजूने पाहताच ती परिचित आकृती मोडते. ही गोष्ट कोणत्याही अंगणातून दिसत नाही.

परंतु या प्रवासात एक भ्रमही संभवतो. सूर्यानंतरच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याचा प्रकाश पृथ्वीवर येण्यास सव्वाचार वर्षे लागतात. घुमटाखाली ते अंतर काही क्षणांत सरते. चित्राने उत्पन्न केलेला हा भ्रम चित्र दूर करू शकत नाही. ते कार्य निवेदकाच्या शब्दाचे होय. म्हणूनच वरळीच्या खेळांना मराठी निवेदन लाभले, ही केवळ सोयीची बाब मानता येत नाही. पाटणच्या लेखात दानापुरती आलेली भाषा येथे ज्ञानापर्यंत पोहोचली, हेच या वाटचालीचे खरे फलित होय.