ताण-प्रतिक्षेप

स्नायू अकस्मात ताणला गेला असता, इच्छाशक्तीच्या हुकुमाची वाट न पाहता, मेरुरज्जूच्या मध्यस्थीने त्याच स्नायूचे जे आकुंचन घडून येते, त्यास ताण-प्रतिक्षेप म्हणतात. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध शरीराचा तोल सावरण्यात या क्रियेचा मोठा वाटा आहे.

ग्राहक : स्नायूच्या मांसल भागात, सामान्य तंतूंना समांतर, चातीच्या आकाराच्या व आवरणाने वेढलेल्या सूक्ष्म रचना असतात, त्यांना स्नायुतर्कू म्हणतात. त्यांच्या मध्यभागाला वेटोळे घालून बसलेले संवेदी तंत्रिकातंतू स्नायूची लांबी आणि ती बदलण्याचा वेग, या दोहोंची वर्दी मेरुरज्जूकडे पाठवितात. स्नायू व कंडरा यांच्या संधीवरील गॉल्जी कंडराग्राहक मात्र लांबीची नव्हे, तर स्नायूने लावलेल्या जोराची दखल घेतात.

मार्ग : गुडघ्याच्या वाटीखालील कंडरेवर हलका आघात केला की मांडीच्या पुढील बाजूचा चतुःशिरस्क स्नायू क्षणमात्र ताणला जातो, तर्कूंतून निघालेले आवेग पश्च मुळांतून मेरुरज्जूच्या कटिभागातील दुसऱ्या ते चौथ्या खंडांत शिरतात, तेथे एकाच अनुबंधनातून (दोन तंत्रिका कोशिकांमधील संधीतून) प्रेरक कोशिकांना चेतवितात, आणि आघातापासून सुमारे 20 ते 30 मिलिसेकंदांत स्नायूचे आकुंचन सुरू होऊन पाय पुढे झटकला जातो; यास जानुप्रतिक्षेप म्हणतात. त्याच वेळी एका मध्यस्थ कोशिकेमार्फत मांडीच्या मागील, विरोधी स्नायूंना आवर घातला जातो. आकुंचनाने स्नायू आखूड झाला तरी तर्कू सैल पडून निरुपयोगी होऊ नयेत, म्हणून गॅमा प्रेरक तंतू तर्कूंची टोके आकुंचित करून त्यांची संवेदनक्षमता कायम राखतात.

संशोधन : जानुप्रतिक्षेपाचे वैद्यकीय महत्त्व विल्हेल्म एर्ब व कार्ल वेस्टफाल यांनी 1875 मध्ये स्वतंत्रपणे मांडले. एडवर्ड लिडेल व चार्ल्स शेरिंग्टन यांनी 1924 मध्ये ताण-प्रतिक्षेपाचे मूलगामी विवेचन केले. लार्स लेक्सेल यांनी 1945 मध्ये गॅमा तंतूंचे कार्य सिद्ध केले.

निदानातील उपयोग : संवेदी किंवा प्रेरक तंत्रिका अथवा मेरुरज्जूचा संबंधित खंड दुखावल्यास हा प्रतिक्षेप मंदावतो वा लोपतो, उलटपक्षी मेंदूकडून येणारे नियंत्रण तुटल्यास, उदाहरणार्थ पक्षाघातात, तो कालांतराने अतितीव्र होतो. निरोगी व्यक्तींतही त्याचा जोर कमीअधिक असतो. म्हणून केवळ त्याच्या तीव्रतेपेक्षा उजव्या व डाव्या अंगांतील तफावत निदानाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची ठरते.