इंजिन आणि चाक यांच्यामध्ये काय ठेवावे?

परभणी जिल्ह्यातील पूर्णा हे जुने रेल्वे जंक्शन आहे. निजामाच्या राज्यातील मनमाड–सिकंदराबाद हा मीटर गेज मार्ग १९००च्या आसपास सुरू झाला आणि १९१२ साली पूर्ण्याहून हिंगोलीकडे फाटा निघाला. अकोल्याकडचा हा मार्ग २००८ साली रुंद झाला. मीटर गेजवरची कोळशाची इंजिने त्याआधीच गेली होती, पण ज्यांनी ती पाहिली आहेत त्यांच्या कानात गाडी सुटतानाचा आवाज अजून असेल. आधी एक लांब हुंदका, मग दुसरा. मध्येच चाके रुळावर गरगर फिरत आणि ड्रायव्हर रुळावर वाळू सोडी. नंतर भार उचलला जाई आणि हुंदक्यांमधले अंतर कमी कमी होत जाई.

या इंजिनाबद्दल वर्गात एखादा चौकस विद्यार्थी असे विचारू शकेल: मोटारीला गिअर असतात, ट्रॅक्टरला असतात, मग शेकडो टनांची गाडी ओढणाऱ्या या इंजिनाला गिअर का नव्हते? प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या उत्तरातून मोटारीच्या स्वयंचलित गिअरबॉक्सचा सगळा इतिहास उलगडतो. शर्यतीच्या धावपट्टीवर आणि रोजच्या रस्त्यावर अशा दोन्ही ठिकाणी चालणाऱ्या जबर ताकदीच्या गाडीला कोणता गिअरबॉक्स बसवावा, हा हौशी लोकांचा प्रश्नही त्याच उत्तराने सुटतो.

वाफेचे इंजिन उभे असतानाच पूर्ण जोर लावू शकते. सिलिंडरमध्ये वाफेचा दाब असला की दट्ट्या ढकलला जातो. चाक फिरत असो वा नसो. पेट्रोल किंवा डिझेल इंजिनाचे तसे नाही. ते ठरावीक गतीच्या खाली फिरूच शकत नाही, बंद पडते. जोरही मधल्या किंवा वरच्या गतीलाच देते. म्हणजे इंजिन फिरते आहे आणि चाक थांबलेले आहे, अशा दोघांची गाठ घालून देणारे काहीतरी मध्ये लागते. मोटारीत हे काम क्लच करतो. तो क्षणभर घासतो, तापतो आणि मग पकडतो. ताकद आणि भार दोन्ही वाढले की हा घासणारा क्षण लांबतो आणि क्लच जळतो.

यावरचा एक सुंदर उपाय जहाजांसाठी निघाला. जर्मनीतील स्टेटिनच्या व्हल्कन गोदीत काम करणारे हेरमान फ्योटिंगर यांच्यापुढे वेगळीच अडचण होती. वाफेची टर्बाइन फार वेगाने फिरे, तर जहाजाचा पंखा सावकाश फिरला तरच चांगले काम करी. १९०५ साली त्यांनी दोघांमध्ये द्रव घालण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले.

ही युक्ती वर्गात दाखवता येते. टेबलावरचे दोन पंखे समोरासमोर ठेवा आणि एकच सुरू करा. वाऱ्याने दुसराही फिरू लागेल. त्याचे पाते हलकेच अडवले तरी पहिला पंखा बंद पडत नाही. हवेच्या जागी तेल, आणि दोन्ही चक्रे एकाच बंद डब्यात, असे केले की त्याला द्रव-जोडणी म्हणता येईल. तिच्यात जोर आहे तेवढाच पलीकडे जातो. फ्योटिंगर यांनी तिसरे, स्थिर पात्यांचे चक्र मध्ये घातले. दुसऱ्या चक्रावरून परतणारे तेल ही पाती वळवतात आणि योग्य दिशेने पहिल्याकडे धाडतात. त्यामुळे फिरवण्याचा जोर, ज्याला आपण टॉर्क म्हणतो, वाढून मिळतो. मोटारीतल्या अशा टॉर्क कन्व्हर्टरमध्ये चाक थांबलेले असताना तो साधारण दुप्पट होतो. गाडीने वेग घेतला की ही वाढ आपोआप कमी होत जाते. दात नाहीत, घासणारे पृष्ठभाग नाहीत, धक्का नाही. गंमत अशी की जहाजांनी ही युक्ती फार काळ वापरली नाही. दातेरी चक्रे अचूक कापता येऊ लागताच जहाजांनी तीच पसंत केली. फ्योटिंगर यांची कल्पना पुढे जगली ती जमिनीवर.

हा टॉर्क काही फुकट वाढत नाही. शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फिरण्याची गती. चाक थांबलेले असेल तर पलीकडे टॉर्क भरपूर, पण गती शून्य. म्हणून पलीकडे पोचणारी शक्तीही शून्य. मग इंजिनाची शक्ती जाते कुठे? ती सगळी तेलाच्या उष्णतेत जाते. शर्यतीच्या रेषेवर एखादी गाडी ब्रेक दाबून उभी आहे आणि इंजिन २०० किलोवॅट देत आहे असे धरू. तीन सेकंदांत ६०० किलोज्यूल उष्णता निर्माण होईल. तेल ८ किलो आणि त्याची विशिष्ट उष्णता किलोला सुमारे २ किलोज्यूल धरली, तर त्या तीन सेकंदांत तेल ३७ अंशांनी तापेल. पोलादी भागही थोडी उष्णता घेतील, पण आधी तापते ते तेलच. अकरावी-बारावीच्या मुलांनी हे गणित जरूर करून पाहावे. गिअरबॉक्सची निवड करताना पुष्कळ जण अश्वशक्ती मोजतात आणि उष्णता मोजायची विसरतात.

रेल्वेला विसरून चालण्यासारखे नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर कोळशाची इंजिने मागे पडू लागली, तेव्हा दोन मार्ग समोर होते. पहिला मार्ग डिझेलने जनित्र फिरवून त्या विजेवर चाकांच्या मोटारी चालवण्याचा, दुसरा फ्योटिंगर यांचे तेल वापरण्याचा. तेलाचा मार्ग वजनाने हलका. त्यात तांबे कमी लागते. शिवाय सगळी चाके दांड्यांनी एकमेकांना जोडलेली असल्याने एकटेच चाक घसरत नाही. जर्मनीने १९५३ साली व्ही-२०० या इंजिनांपासून मुख्य मार्गावर हा प्रयोग केला. ब्रिटनच्या पश्चिम विभागाने १९५८पासून तोच मार्ग धरला आणि १९७७पर्यंत सोडून दिला. अमेरिकेतील सदर्न पॅसिफिक कंपनीने १९६१ साली ४,००० अश्वशक्तीची जर्मन इंजिने आणून सिएरा नेवाडाच्या घाटात घातली. ती तिथे टिकली नाहीत. पुढे त्यांना सपाट खोऱ्यात फिरवले गेले आणि १९६८पर्यंत त्यांचा निकाल लागला.

घाटाचे गणित असे. २,५०० अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण जोराने अर्धा तास चढते आहे आणि मधल्या यंत्रणेत पाचवा हिस्सा शक्ती वाया जाते असे धरू. ५०० अश्वशक्ती म्हणजे सुमारे ३७३ किलोवॅट. अर्ध्या तासात एवढ्या उष्णतेने दोन हजार लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत तापेल. ही उष्णता सतत बाहेर टाकत राहावी लागते. विजेच्या मोटारीही घाटात तापतात, हे खरे. पण एकूण वाया जाणारी शक्ती वेगाच्या मोठ्या पट्ट्यात कमी राहते.

भारतीय रेल्वेने मुख्य मार्गासाठी विजेचा मार्ग निवडला. वाराणसीच्या कारखान्यातून जानेवारी १९६४मध्ये पहिले डब्ल्यूडीएम-२ बाहेर पडले. ताकद २,६०० अश्वशक्ती. मीटर गेजवरचे वायडीएम-४, १,४०० अश्वशक्तीचे, तेही विजेचेच. तेलाची परीक्षाही झाली. १९७०मध्ये जर्मनीच्या हेन्शेल कंपनीची २,५०० अश्वशक्तीची आठ इंजिने आली आणि ती गुत्ती शेडमध्ये राहिली.  आठांची नववी झाली नाही.

मग तेल हरले का? तसे नाही. यार्डात डबे लावण्याचे काम वेगळे असते. दहा मिनिटे उभे राहायचे, दोन मिनिटे जोर लावायचा, पुन्हा थांबायचे. तेल तापते, पण निवायलाही वेळ मिळतो. इथे भारतीय रेल्वेतील अभियंते मनमोहन सुरी यांचे काम उभे राहते. सुरुवातीला टॉर्क कन्व्हर्टर वापरायचा आणि गाडीने वेग घेतला की तेल बाजूला ठेवून इंजिन थेट यांत्रिक जोडणीने चाकाला बांधायचे, असा त्यांच्या ‘सुरी ट्रान्समिशन’चा गाभा होता. जिथे तेलाची गरज आहे तिथेच तेल. सुरींना १९६२चे भटनागर पारितोषिक मिळाले. पुढे दुर्गापूरच्या संशोधन संस्थेचे संचालक असताना त्यांच्या चमूने स्वराज ट्रॅक्टर घडवला, तो आपल्या शेतकऱ्यांना ठाऊकच आहे. चित्तरंजनच्या कारखान्यात १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून बनलेल्या डब्ल्यूडीएस-४ या शंटिंग इंजिनांत सुरी ट्रान्समिशन बसले आणि पुण्याच्या किर्लोस्कर न्यूमॅटिकनेही रेल्वेसाठी अशी ट्रान्समिशन बनवली. परदेशी परवान्यांच्या त्या काळात हे काम जेवढे गाजायला हवे होते तेवढे गाजले नाही, असे आम्हाला वाटते.

आता मोटारीकडे वळू. १९३९च्या अखेरीस अमेरिकेत ओल्ड्समोबिल गाड्यांना हायड्रामॅटिक हा चार गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स मिळाला. त्यात द्रव-जोडणी होती, टॉर्क वाढवणारे चक्र नव्हते. युद्धात तो एम-५ जातीच्या हलक्या रणगाड्यांत चालला आणि त्याच्या दणकटपणाची खात्री पटली. युद्धानंतर चारशे मीटरच्या, म्हणजे पाव मैलाच्या सरळ शर्यतींचे वेड पसरले, तेव्हा हौशी मेकॅनिकांनी हाच गिअरबॉक्स आपल्या गाड्यांत घातला. कारण उघड होते. हाताने गिअर बदलताना चुकण्याची भीती असे. यात ती नव्हती.

पुढच्या काळात दोन गिअरबॉक्स शर्यतवाल्यांच्या विशेष पसंतीस उतरले. शेव्हरोलेचा पॉवरग्लाइड १९५०चा. त्यात फक्त दोन गती, पहिल्या गिअरचे प्रमाण १.७६. जनरल मोटर्सचा टर्बो-हायड्रामॅटिक ४०० हा १९६४चा. तीन गती, पहिला गिअर २.४८. कोणालाही वाटेल, तीन गती आणि जोरदार पहिला गिअर केव्हाही बरा. प्रत्यक्षात १९७३ साली बनायचा थांबलेला तो दोन गतींचा डबा सरळ शर्यतीत पुढेही वर्षानुवर्षे टिकून राहिला.

याचे उत्तर पूर्ण्याच्या गरगरणाऱ्या चाकात आहे. इंजिनाचा टॉर्क ६०० न्यूटन-मीटर, कन्व्हर्टरची वाढ दुप्पट, मागच्या धुऱ्यातले प्रमाण ३.५ आणि चाकाची त्रिज्या ०.३३ मीटर धरा. २.४८ च्या गिअरने टायरवर ३१,५०० न्यूटन जोर येतो, १.७६ ने २२,४००. गाडी दीड टनाची. सुटताना मागच्या चाकांवर ९०० किलो भार आला आणि घर्षण गुणांक १ असला, तर रस्ता सुमारे ८,८०० न्यूटनच पेलतो. शर्यतीचे चिकट टायर घालून याची दुप्पट पकड मिळाली तरी १७,६००. म्हणजे दोन गतींचाच जोर अजून जास्त पडतो, तीनची गोष्ट दूर. हलक्या, ताकदवान गाडीला जोरदार पहिला गिअर निव्वळ टायर जाळायला उपयोगी. रेल्वेत हेच बंधन इंजिनाच्या वजनाने येते. डब्ल्यूडीएम-२ चे वजन ११२.८ टन, त्याला ०.२७ ने गुणले की ३०.४ टन, आणि तेच त्याचे सुटतानाचे कमाल ओढबळ. ओल्या रुळावर तेही नाही.

तीच गाडी जड असेल किंवा तिचे इंजिन बेताचे असेल, तर निर्णय उलटा होतो आणि तीन गती हव्यात. आणि गाडी रस्त्यावरही चालवायची असेल तर आणखी एक पेच पडतो. शर्यतीसाठी कन्व्हर्टर ‘सैल’ ठेवतात, म्हणजे चाक थांबलेले असताना इंजिनाला मिनिटाला तीन-साडेतीन हजार फेऱ्यांपर्यंत चढू देतात, कारण तिथेच त्याचा खरा जोर असतो. पण रस्त्यावर ताशी ९० किलोमीटरने जाताना वरच्या धुऱ्याच्या हिशेबाने थेट गिअरमध्ये इंजिन मिनिटाला सुमारे २,५०० फेऱ्या फिरते. पेट्रोल वाचवायला चौथा, ०.७० प्रमाणाचा गिअर घेतला की १,८०० च्या खाली. सैल कन्व्हर्टर या गतीला सतत घसरत राहतो आणि तेल तापतच राहते. यावरचा उपाय म्हणजे वेग आल्यावर कन्व्हर्टरला क्लचने कुलूप घालणे. पॅकार्ड कंपनीने १९४९ साली हे केले होते, आणि सुरींच्या यंत्रामागचा विचारही हाच. त्यामुळे दोन्हीकडे वापरायच्या गाडीला चार गती, कुलूपवाला कन्व्हर्टर आणि वेगळा तेल-कूलर हवा, मग धावपट्टीवर सेकंदाचा काही अंश गेला तरी चालेल. निव्वळ शर्यतीच्या गाडीला यातले बरेचसे ओझेच.

लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या विमानपट्टीवर २०१०च्या दशकात अशा सरळ शर्यती झाल्या, तेव्हा आपल्याकडच्या हौशी लोकांनाही हे पेच प्रत्यक्ष दिसले. आता विजेच्या मोटारी आल्या आहेत. त्या वाफेच्या इंजिनासारख्या उभ्या असतानाच पूर्ण जोर देतात, म्हणून बहुतेकींना गिअर बदलावे लागत नाहीत. अपवाद म्हणजे २०१९ची पोर्शे टायकन. सुटण्यासाठी एक आणि वेगासाठी एक, असे दोन गिअर तिच्या मागच्या धुऱ्यावर आहेत.